बिलाचं मशीन आणि रामदासभाऊ

४ जून, बुध.
वरवटच्या आमच्या सायकल दुकानाला बिलाचं मशीन घ्यायचं ठरलं. निवड माझ्या गळ्यात. गावाने दिलेल्या जुन्या सायकली दुरुस्त करून शाळेच्या मुलींना द्यायच्या, एवढंच आपलं काम. पण दुकान चालवणाऱ्या समितीला आता कुठला भाग कुठे गेला ते बिलावर दिसायला हवं. तेही शाळा उघडायच्या आत.

७ जून, शनि.
विक्रेता मशीन दाखवून गेला. वस्तूचं नाव टाईप केलं की झालं. समितीला पसंत. आमचे मिस्त्री रामदासभाऊ, त्यांना म्हटलं, करून बघा. तर हात काळे आहेत म्हणाले. धुवून आले, तर चष्मा घरी राहिला. चष्मा? हा माणूस चष्मा लावतच नाही. मी सगळ्यांसमोर हसले.

९ जून, सोम.
भाऊ आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. मी त्यांच्या घरी गेले. भाऊ म्हणाले, "ताई, मले वाचता येत नाही. कोणाले सांगू नका." मी शब्द दिला. डब्यांवर मी सुवाच्य चिठ्ठ्या डकवल्यात, भाऊ त्या न बघता हात घालून नेमका नट काढतात. मला ते कसब वाटायचं. शनिवारचं हसू आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ जून, बुध.
दुसरं एक मशीन सापडलं, वापरून बघायला आणलं. टाईप नाही, भागाच्या फोटोवर बोट ठेवायचं. सगळ्या भागांचे फोटो काढून नावांच्या अक्षरक्रमाने लावले. माझी अक्कल! भाऊ आले, बघत राहिले. "चेनच्या बाजूले फ्रीव्हील पायजे. सायकल खोलतो तसं लावा." तसंच लावलं. मग बोट झरझर चाललं त्यांचं.

१३ जून, शुक्र.
अध्यक्षांचा फोन. पहिलंच घेऊ, हे फोटोवालं काऊन? मी उद्या बैठकीत सांगते म्हणाले. काय सांगू? खरं कारण सांगितलं तर शब्द मोडतो. नाही सांगितलं तर ते टाईपवालं येणार आणि भाऊ जाणार. धड जेवले नाही.

१४ जून, शनि.
बैठक चारला. कारणं तीनदा लिहून फाडली. दुपारी भाऊ दारात, इस्त्रीचा शर्ट घालून. "मीबी येतो बैठकीले." तिथे ते काय बोलणार, हे विचारायचा धीर झाला नाही. नको म्हणू का? की येऊ देऊ?
त्यांच्या खिशाला पेन होतं. रोजच असतं, कोणाला शंका येऊ नये म्हणून. इतकी वर्षं मी त्यांना ते एकदाही मागितलं नाही, हे आज लक्षात आलं. साडेतीन झाले. बाहेर उभे आहेत, माझी वाट बघत.