डावीकडचा हब

प्रिय दादा,

फोन सोडून पत्र कसलं लिहितोय, म्हणशील. तासाभराच्या अंतरावर राहून पत्र पाठवणारा भाऊ तूच पाहिला असशील. वहिनीशी काल बोलणं झालं. हाताचं प्लास्टर अजून राहणार म्हणाली. तिची वेणी सध्या तू घालतोस आणि ती दुपारपर्यंत सुटते, हे सांगताना खूप हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, की तू पिकअप विकायला काढलीस, रविवारी गिऱ्हाईक येणार आहे. गाडीतलं मला आता काही कळत नाही, असं म्हणालास म्हणे. ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून दुकानातच लिहायला बसलोय.

आपलं भांडण तसं जुनंच. मी गाड्यांच्या नव्या पार्टचं दुकान टाकलं आणि माझा सख्खा भाऊ भंगारवाल्याकडे फेऱ्या मारतो, यावरून बाजारात मी किती टोमणे खाल्ले, ते माझं मला माहीत. तू म्हणायचास, हल्लीचा नवा माल खोक्यातच चांगला दिसतो. अस्सल गाडीतून निघालेला चाकाचा जुना हब त्याच्यापेक्षा जास्त चालतो. आणि दर वेळी तुझंच खरं व्हायचं. हब आडवा धरायचास, एक गिरकी द्यायचास, कान जवळ न्यायचास. आतलं बेअरिंग खराब असलं की कपाळावर लगेच आठी. तू नाकारलेला माल भंगारवाला दुसऱ्यालाही द्यायला कचरायचा. मला मात्र वाटायचं, दादाचं एकदा तरी चुकावं. धाकट्यांना वाटतं ना, तसंच.

म्हणून या वेळी भंगारवाल्याकडे तू सोबत चल म्हणालास, तेव्हा मी हरखलो. माझ्या दुकानाची पायरी न चढणारा माणूस मला विचारत होता. पुढचा एक्सल खालून बघून तू सांगितलंस, बाकी सगळं ठीक आहे, डावीकडचा हब तेवढा गेलाय. भंगारवाल्याने तुझ्यासाठी खुर्ची पुसली. पहिले दोन हब तू हातात घेऊनच बाजूला ठेवलेस. तिसऱ्याला गिरकी दिलीस, कान लावलास. खर्रर्र आवाज आला, चांगला माझ्यापर्यंत. तुझ्या कपाळावर आठी पडली नाही.

तोच हब तू बसवलास. पुढे उतारावर ते चाक जाम झालं, गाडी चरात गेली आणि वहिनीचं मनगट मोडलं. मी फळं पाठवली, फोन केले, पण आलो नाही. दुकानात गर्दी आहे म्हणालो. खरं तर माशा मारत बसलो होतो.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं तर तू हो हो करत राहिला असतास आणि निम्मं तुला ऐकू आलं नसतं. तुझा कान कमी झालाय, दादा. आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तुला ते कळलेलं नाही असं वाटून कुणी तोंडावर बोलत नाही. त्या दिवशी मीही बोललो नाही. भंगारवाल्यासमोर तुझा पाणउतारा नको, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती अर्धीच खरी. हा हब लवकरच कुरकुर करेल, तू माझ्या दुकानात येशील आणि मी ऐटीत नवा काढून देईन, हे चित्रही त्याच क्षणी डोळ्यांसमोर आलं होतं. शेजारच्या सीटवर वहिनी असेल, हे मनातसुद्धा आलं नाही. मला लाज वाटते. हे पत्र तिलाही वाचायला दे. शनिवारी मी येतोय, दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. गाडी विकायची तर खुशाल विक, पण तुझी पारख गेली म्हणून विकू नकोस. काल फोन ठेवता ठेवता वहिनी सहज बोलून गेली, की त्या दिवशी निघताना तू तिला म्हणाला होतास, माझ्या कानाचा आता भरवसा नाही, धाकट्याला घेऊन जातो. हब फिरला तेव्हा तू वर माझ्याकडे पाहिलंस, दादा, आणि मी मान डोलावली.

तुझाच,
धाकटा