आधी पाणी गार

अँटॉप हिल,
१४ डिसेंबर २०२४

प्रिय रमाकाका,

नमस्कार. गुडघ्याला शेक देताय ना?

"आधी पाणी गार कर, मग गॅस सोड. नाहीतर गिऱ्हाईक नुसतं पाणी पिऊन जाईल." मी शाळेत असताना गिरगावच्या आपल्या सोड्याच्या दुकानात तुम्ही हे म्हणाला होतात. मंगळवारी लॅबमध्ये मला ते आठवलं.

आमच्याकडे एक वेदनेवरचं औषध आलंय. त्याचे रेणू दोन तऱ्हेचे, डाव्या-उजव्या तळव्यांसारखे. एक म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप. एक दुखणं थांबवतो, दुसरा नुसती चक्कर आणतो. ते वेगळे करायला आम्ही तुमचाच गॅस वापरतो, सोड्यातला कार्बन डायऑक्साइड. तो इतका दाबायचा की धड वायू राहत नाही, धड पाणीही होत नाही. मग तो त्या रेणूंना घेऊन एका पोलादी नळीतून जातो. नळीतली भुकटी एकाचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवते, तेवढ्यात दुसरा पुढे निघून जातो.

आमचे मात्र महिनाभर जोडीनेच बाहेर पडत होते. संगणकाच्या पडद्यावरच्या आलेखात दोघांची मिळून एकच टेकडी. लॅबमधला माझा जोडीदार पुष्कर नुसता दाब वाढवत बसला होता. मी म्हटलं, "नळी गार करून बघू या."

"का?"

"काका सांगतात."

"कुठल्या कंपनीत असतात?"

"सोड्याच्या."

तो हसला, पण तापमान उतरवलं. दोन टेकड्या आल्या, काका, आणि मध्ये सपाट जमीन. तुमच्या गार पाण्याचं कारण वेगळं, आमचं वेगळं, तरी मी सगळ्यांना तुमचंच नाव सांगितलं.

खरी बातमी ही नाहीच. पुष्कर आणि मी लग्न करतोय. हो, चव्वेचाळिसाव्या वर्षी. जानेवारीत, दादरला, मोजक्या माणसांत. आईबाबांमागे तुम्ही आणि नलूकाकूनेच मला वाढवलंत, तेव्हा याल का, असं काही मी विचारणार नाही.

विचारायचं दुसरंच आहे. काकू गेल्यापासून सोड्याच्या मशीनवर तिची हिरवी चादर घातलेली आहे. फोनवर तो विषय काढला की तुम्हाला नेमकं ऐकू येईनासं होतं. म्हणून हे पत्र. तुम्ही हँडल फिरवायचात, ती लिंबू पिळायची, आणि दिवसभर तुमचं मिठावरून भांडण चालायचं. लग्न म्हणजे मला तेवढंच माहीत आहे. पुष्करला लिंबू पिळता येतं, मी बघून घेतलंय.

लग्नात सरबत नको, आइस्क्रीम नको. ती चादर काढा आणि त्या दिवशी सगळ्यांना तुमच्या हातचा गोटी सोडा पाजा. नाही म्हणाल, ठाऊक आहे. म्हणून तर पाणी गार करायला ठेवून मग विचारतेय.

अजून हँडलपर्यंत हात न पोचणारी,
तुमची
ऋता