शंखातला खेकडा

दि. ४ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर आपण दोघी दोन मिनिटांत भांडायला लागतो, त्यापेक्षा हे बरं. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

इथे केंद्रात शिंपल्यांतल्या कालवांची पैदास ऐन भरात आहे. सकाळी टाक्या धुवायच्या, अळ्यांना शेवाळाचं पाणी पाजायचं आणि दुपारी मुलांची ऑनलाइन कार्यशाळा. सुट्टीतलं हे काम साहेबांनी माझ्याच गळ्यात मारलं. प्रत्येकानं स्क्रीनवर एखाद्या समुद्री प्राण्याचं नाव लावायचं, असा नियम मी केला. खरी नावं ऑफिसला ठाऊक, मला फक्त देवमासे आणि डॉल्फिन दिसतात. त्यांत एक आहे 'शंखातला खेकडा'. चेहरा दाखवत नाही, बोलत नाही, नुसते प्रश्न लिहितो. टाकीतलं पाणी बदललं की अळ्यांना परक्या घरी आल्यासारखं वाटतं का, असं काल विचारलंन. वर्ग सुरू झाला की मी आधी तो आलाय का ते बघते.

आणि आपली भिंगरी, माझी पोटची पोर, फोनवर 'हं' आणि 'बरं' याच्या पुढे जात नाही. तिचे बाबा गेल्यावर तिला तुझ्या पदरात टाकून मी ही नोकरी धरली, ती वर्षभरासाठी. तिसरं वर्ष संपत आलं, एकदाही घरी येणं जमलं नाही. आता साहेबांनी नवा करार पुढे केलाय, महिनाअखेर सही करायची आहे. तिला इकडे आणावं तर समुद्राची तिला कणभर गोडी नाही. मी पाठवलेल्या शिंपल्यांबद्दल एक ओळ लिहिली नाही पोरीनं. जीव तुटतो गं. तिची मुलाखत घ्यावी तशी मी फोनवर प्रश्न विचारत राहते.

तिला माझ्या वाटणीचं जवळ घे.

तुझी ताई

दि. ९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. शिलाई मशीन कुरकुरतं, मीही कुरकुरते, आमचं छान जमतं. दुपारी मात्र माझा मोबाईल जप्त होतो. भिंगरी तो घेऊन कापड बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसते. गिऱ्हाइकांचे फोन आले की सरळ कापते. परवा त्यापायी दोन सदरे भलत्याच मापाचे शिवून बसले. काय करतेस म्हणून विचारलं, तर तिनं आधी माझ्याकडून शब्द घेतला आणि मग सांगितलं. तेव्हा मला विचारू नकोस.

आणि तिला समुद्राची गोडी नाही असं मी कधी म्हणाले? ती समुद्राचं नाव काढत नाही, एवढंच म्हणाले होते. तुझे शिंपले तिच्या उशाशी असतात. सही करायची घाई करू नकोस.

मी भांडकुदळ असले तरी तुझीच आहे, हे विसरू नये.

धाकटी

दि. १५ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

आज मन थाऱ्यावर नाही. सोमवारी मुलांना अळ्या कशा बसतात ते दाखवत होते. कालवाची अळी आधी पाण्यात भटकते, मग एक जागा निवडून कायमची चिकटते. म्हणून आम्ही टाकीत जुने, धुतलेले शिंपले ठेवतो. आपल्यातलं कुणीतरी इथे राहून गेलंय हे त्यांना कळतं आणि त्या तिथे बसतात.

तेवढ्यात खेकड्यानं लिहिलं, ही जागा शोधत असते तेव्हा तिची आई कुठे असते? मी हसत म्हणाले, कालवाची आई अंडी पाण्यात सोडते आणि मोकळी होते, पिल्लू नाकासमोरून गेलं तरी तिला ओळखू येत नाही. सगळी मुलं हसली. खेकडा निघून गेला आणि त्यानंतर आलाच नाही.

मी खरं तेच सांगितलं, तरी काहीतरी चुकलं असं वाटतंय. परक्या पोरासाठी इतकं का वाटावं, कळत नाही. भिंगरी कशी आहे? काल फोनवर आलीच नाही.

ताई

दि. १९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी शब्द मोडते आहे. तो खेकडा भिंगरी आहे.

सोमवारी टेबलाखालून बाहेर आली ती रडून लाल झालेली. आई त्या मुलांशी किती हसून बोलते, म्हणाली. ती तशी बोलते ते ऐकायलाच मी जात होते, म्हणाली. आधी तिला वाटलं होतं, प्रश्न वाचून तू ओळखशील. रोज वाट बघायची गं. मग तू ते नाकासमोरचं बोललीस.

तुझ्यावर रागावू की तुला जवळ घेऊ, मला कळत नाही. दोन्ही करायला तू इथे नाहीस.

धाकटी

दि. २३ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

मावशीवर चिडू नकोस. चिडायचं तर माझ्यावर चीड. मी तुला ओळखलं नाही. रोज तुझी वाट पाहत होते, तुझ्याविषयी पत्रात लिहीत होते, आणि तरी ओळखलं नाही. 

साहेबांना सांगितलं की मुलगी सोबत राहणार असेल तरच सही करीन, नाहीतर घरी जाईन. त्यांनी टाक्यांमागची मोठी खोली दिली. तिथे मी दुसरी खाट टाकून घेतली आहे. तू नको म्हणालीस तर मी तिकडे येईन, तिथे मिळेल ते काम करीन. पण सांग. 'हं' आणि 'बरं' लिहिलंस तरी चालेल.

तुझी आई

दि. २८ मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हं. बरं.

मावशी म्हणते, मी गेले की घर तिला खायला उठेल, पण सदरे तरी नीट मापाचे होतील. असं म्हणून ती न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडून बसली. सुट्टीत तिला तिकडे बोलवायचं, हे आधी कबूल कर.

ती मला रविवारी सकाळच्या बसमध्ये बसवून देणार आहे. तू स्टँडवर ये. या तीन वर्षांत मी खूप उंच झाले आहे आणि केसही कापलेत. कोणते कपडे घालणार ते मी लिहिणार नाही, आणि मावशीलाही लिहू देणार नाही. बसमधून बरीच मुलं उतरतील. मी हाक मारणार नाही. तुझ्या समोरून जाईन.

तुझी,
भिंगरी