चार नंबरचा चिखल

१४ ऑक्टोबर
चार नंबर बोलला! आठवडाभर मुका होता, आज मोबाइलवर त्याचा पहिला आकडा आला — पाणी अकरा अंश. बॅटरी नाही, विजेची जोडणी नाही! ओब्बेकाकांच्या शेताकडेच्या चरात, गाळातले जीवाणू कुजका पाला खातात आणि त्यातून जी चिमूटभर वीज सुटते, तिच्यावर हा सेन्सर चालतो. ऑफिसात एकटीच नाचले.

बाकीचे तिन्ही केव्हाच मेले. आता सगळी भिस्त याच्यावर. शेतकऱ्यांनी चर साफ ठेवलेत ना, याच्या वार्षिक पाहणीला आमच्या जलमंडळाच्या अध्यक्षबाई येणार. त्यांच्यासमोर चालला तर काम पुढे चालू. नाहीतर मी, हिस्के बाई, पुन्हा पावसाचे तक्ते भरायला!

२१ ऑक्टोबर
काकांना सांगून आले — पाहणीआधी सगळा चर उपसा, पण सेन्सरजवळच्या एवढ्या चार पावलांना हात लावू नका. चेहराच पडला त्यांचा. "तेवढाच घाणेरडा ठेवू? पोरी, माझ्या चरात आजवर कुणाला गवताची काडी दिसलेली नाही!"

कॉफीबरोबर एक बिस्किट दिलं आणि डबा लगेच बंद. रागाने नव्हे, इथली रीतच ती. एकटा जीव, फोन कधी उचलत नाही — पण खिडकीच्या काचा बघाव्यात!

३० ऑक्टोबर
शेजारचा रीन्स रस्त्यावरून ओरडतो म्हणे, "काय ओब्बे, म्हातारपणी बेडूक पाळलेस की काय?" काकांची झोप उडालीय. म्हटलं, आठच दिवस कळ काढा.
"तुझं काय जातंय!" म्हणाले.

६ नोव्हेंबर
गेलं. सगळं गेलं! सकाळपासून आकडा नाही. धावत गेले तर चर लखलखीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उपसलेला गाळ काठावर. काका दारात, हातात टोपी चुरगळत.
"उद्या पाहणी... राहवलं नाही गं. लोक काय म्हणतील?"

इतका संताप आला की रडूच फुटलं. त्यांनी आत बसवलं, कॉफी दिली आणि बिस्किटांचा डबा — उघडा ठेवला! मी मुद्दाम सगळी संपवली.

७ नोव्हेंबर
काय दिवस! अध्यक्षबाई चरावर उभ्या. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडते, तोच मोबाइल वाजला. चार नंबर! वीस अंश! नोव्हेंबरात, नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलँडमध्ये!

"हे कुठलं पाणी?" बाईंनी विचारलं.
काका खाकरले. "माझ्या स्वयंपाकघरातलं."

चुलीशेजारी बादली! काल मी गेल्यावर काकांनी काठावरचा गाळ हातांनी चाचपून काढला, तारांसकट बादलीत भरला, वर चराचं पाणी ओतलं. "उपाशी असतील बिचारे, म्हणून थोडं वाटाण्याचं सूप घातलं."

बाई हसून हसून बेजार! म्हणाल्या, एवढं सोसून जो जगतो, त्याचं काम बंद कसं करायचं? आणि चराला शेरा — उत्तम. काकांनी तो रीन्सच्या घराकडे तोंड करून मोठ्याने वाचला.

१९ नोव्हेंबर
चरात नवे सेन्सर लावले. या वेळी काकांनीच कडेने फळ्या ठोकल्या, आपलाच हात आवरावा म्हणून! बादली मात्र देत नाहीत. "राहू दे गं. सकाळी उठून कुणाला तरी खायला घालायचं असलं की बरं वाटतं."
मी बादली पुन्हा चुलीशेजारी सरकवली.

२ डिसेंबर
वीस अंश. रोज वीस! काकांची चूल काही विझत नाही.

९ डिसेंबर
सकाळी चहा पिताना सहज पाहिलं — चार नंबर तेरा. मग बारा. मग अकरा. फोन लावायचा विचारही केला नाही, तशीच गाडी काढली. काका गोठ्यात शिडीखाली पडलेले, मांडी मोडलेली, ओठ निळे. काल संध्याकाळपासून! पण जिवंत. जिवंत!
स्ट्रेचरवरून माझी बाही धरून म्हणाले, "बादलीला आज काही घातलेलं नाही गं."