बांधावरचा कॅमेरा

सर, तुमची पद्धत मी अजून सोडलेली नाही. सांगलीत स्पर्धा परीक्षेच्या क्लासवर आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो, आणि वर्गात शिरलो की आधी पेपरातलं जगाचं पान फळ्यावर चिकटवतो. मग मुलांना सांगतो, देशांची नावं खोडा आणि तिथं आपापल्या भावकीतली माणसं घाला. कराडच्या कॉलेजात तुम्ही हे पहिल्यांदा करायला लावलंत तेव्हा आम्ही मागच्या बाकावरचे फिदीफिदी हसलो होतो. तुम्ही खडू खाली ठेवलात. "हसतोस काय गड्या? भावाभावात लागलं तर वर तलाठी हाय, तहसीलदार हाय, कोर्ट हाय. देशांच्या वर कोण हाय सांग? कोण न्हाई. त्यालाच पुस्तकात अराजक म्हणत्यात." परीक्षेत मी तेच जरा शुद्ध भाषेत लिहिलं आणि पास झालो.

दुसरा एक दिवस मला जास्त आठवतो. दोन देशांनी सीमेवर फौजा आणल्याची बातमी होती. तुम्ही फळ्यावर दोन चौकोन काढताय, एकाभोवती कुंपण घालताय, मग दुसऱ्याभोवती त्याहून जाड कुंपण. मी हात वर करून विचारतो, "पण सर, चूक कुणाची?" तुम्ही असे चिडलात की पुढच्या बाकावरच्या मुलीसुद्धा दचकल्या. "तुला न्यायाधीश व्हायचंय व्हय रं? आधी घाबरलेला माणूस ओळखायला शीक. एक भीतीनं कुंपण घालतो, दुसऱ्याला ती चढाईची तयारी वाटते. दोघंबी शहाणे, आन् दोघंबी अडकलेले." याचं नाव सुरक्षेचा पेच. गेली कित्येक वर्षं मी तो तीन-तीन बॅचना शिकवतो. यंदाही जगात एक युद्ध नवं आहे आणि एक जुनं संपत नाही, त्यामुळे उदाहरणांना तोटा नाही.

आणि एवढं सगळं पाठ असलेल्या माणसानं काय केलं, ते ऐका. महापुरात कृष्णेनं आमच्या शेतातला बांध धुऊन नेला. माझ्या आणि दादाच्या वाटणीमधला तो बांध. दादा तेव्हा फौजेतून नुकताच रिटायर होऊन गावी आला होता. मला वाटलं, उद्या वाद नको, आधीच सरकारी मोजणी करून घेतलेली बरी. मी अर्ज टाकला. दादाला पुढच्या रविवारी गावी गेल्यावर सांगू म्हटलं, आणि त्या रविवारी क्लासची परीक्षा निघाली. माझ्या तोंडच्या शब्दाआधी मोजणीची नोटीस त्याच्या हातात पडली. आपल्याकडे नोटीस म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. सख्ख्या भावाला मी पोस्टानं दंड थोपटून दाखवले होते.

तो सांगलीला आला. बूट काढले नाहीत, पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "मोजणी आणतोस व्हय रं माझ्यावर? तोंडानं बोलला असतास तर दोरी धरून आपुन दोघांनीच बांध घातला असता की." सर, मला एवढंच म्हणायचं होतं की चुकलं दादा. तोंडातून निघालं, "कायदेशीर असलेलं बरं." तो आल्या पावली जिना उतरला.

पुढचं तुम्ही फळ्यावर काढून दाखवलं असतंत. त्यानं सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढली. मी कुपवाडच्या एका वर्कशॉपातून लोखंडी खांब करून आणला आणि त्यावर मोबाइलवर दिसणारा कॅमेरा बसवला. त्यानं कुत्रा आणला, माझ्या वाटेकडे तोंड करून बांधला. प्रत्येक वेळी मला कळत होतं की हा पेच आहे, मी कितव्या पायरीवर आहे तेही कळत होतं, आणि तरी मी पुढची पायरी चढत होतो. ज्ञान असून असा कोंडलेला माणूस म्हणजे निव्वळ फजिती आहे सर. रागही येतो, आणि तो माझाच मला येतो.

यंदा दादाची मुलगी माझ्या क्लासला आहे. तिसऱ्या बाकावर बसते आणि मला सर म्हणते. लहानपणी काका, काका म्हणत खांद्यावर बसायची. मागच्या आठवड्यातल्या चाचणीत मी सुरक्षेचा पेच उदाहरणासह लिहायला सांगितला. सगळ्यांनी चालू युद्ध लिहिलं. तिनं बांध लिहिला. नावं नव्हती, 'दोन शेजारी' एवढंच. त्यातल्या एका शेजाऱ्याचं म्हणणं तिनं अवतरणात घातलं होतं: "बॉर्डरवर समोरच्यानं एक बंकर बांधला की आमी दोन बांधायचो. घरी येऊन बी तेच करतोय, पर आता थांबवायचं कसं ते कळंना." शेवटी लिहिलं होतं, ज्याला हा सिद्धांत माहीत आहे, त्यानं आधी एक पाऊल मागं घ्यावं.

मी तिला दहापैकी आठ दिले. दोन कापले आणि शेजारी लाल पेनानं लिहिलं, 'शेवटच्या विधानाला संदर्भ नाही.' तिनं पेपर घेतला, "थँक्यू सर" म्हणाली आणि दप्तरात घातला. तुम्ही असता तर माझ्याच कानाखाली वाजवली असती.

तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, हे पत्र पाठवायचं तरी कुठं? पुस्तकाप्रमाणे आधी मी कॅमेरा काढायला हवा. तारेला हात लावायची मला सोय नाही, कॅमेरा माझा आहे, पान्याचं दहा मिनिटांचं काम आहे. दोनदा पाना घेऊन गेलो आणि परत आलो. कारण कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. रोज संध्याकाळी दादा कुत्र्याला भाकरी घालायला बांधावर येतो. हल्ली गुडघा धरून चालतो. मी क्लासच्या जिन्यात उभा राहून मोबाइलवर त्याला बघतो. कॅमेरा काढला, तर तो मला दिसायचा नाही.