गळ्यातली सवत

मु. कडा

आईला संगीताचा पायलागू.

आमी सगळे बरे हाव. शेळी व्याली, दोन करडं झालीत. तुझे गुडघे कसे हायत? फोन लावला की ह्यांची लेक सायली शेजारी येऊन बसती, म्हणून पत्र लिहिती.

लग्नात सासूनं ह्यांच्या वारलेल्या पहिल्या बायकोच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला, तवा तूच मान डोलवलीस. आता भोगती कोण? सायली माझ्याशी बोलतच न्हाई. जे काय सांगायचं ते टाकाला सांगती. "आई, हिनं कालवणात लई मीठ घातलंय." वेणी घालायला बसवली, तर टाक दिसावा म्हणून माझ्याकडंच तोंड करून बसती. मग वेणी काय कपाळावर घालू? हे नुसते हसत्यात. मी काय खुंटी हाय, टाक अडकवायची?

काल वैतागून टाक काढला अन् पेटीत ठेवला. पोरगी दिसभर न जेवता दारात बसली. शेवटी पुन्हा घातला, तर तो मुठीत गच्च धरून म्हणती, "आई, हिला सांग, आता काढायचा न्हाई. मग मी हिच्याशी बोलू कशी?"

दोरा पार झिजलाय. आपल्या धाकट्या जीवनच्या हाती नवा धाड. जाड बघून घे, तुटायला नको.

तुझी कावलेली लेक,
संगीता