भोजलीच्या गावची खदान

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया
भोजली, माझी लहानपणची मानलेली मैत्रीण, आली नाही. लग्न होऊन अभनपूरकडच्या त्या गावी गेली, तेव्हापासून तिने एक अक्ती, म्हणजे इकडची अक्षय तृतीया, चुकवली नव्हती. तिच्या वाटचं पन्हं दुपारपर्यंत झाकून ठेवलं, मग ह्यांना दिलं. फोन वाजतो, उचलत नाही. तिचा स्टीलचा डबा माझ्याकडे आहे, तिने संक्रांतीला बिजौरी, तिळाच्या वाळवलेल्या वड्या, घालून दिला होता. रिकामा कसा परत करू, म्हणून सांजोऱ्या केल्या होत्या.
घागर भरली, ब्राह्मणाला पंखा दिला. तरी सण पुरा झाल्यासारखा वाटला नाही.

२ मे, शुक्रवार
जेवताना ह्यांनीच सांगितलं. ह्यांच्या ऑफिसात शहर, बाजूची नगरपंचायत आणि चार ग्रामपंचायती मिळून एकच आराखडा करून राहिले. मुरूम-गिट्टी कुठून काढायची, आणि सगळ्यांचा कचरा कुठे टाकायचा. नकाशा ह्यांनी काढला. त्यात भोजलीच्या गावची जुनी मुरमाची खदान कचऱ्यासाठी धरली. तिथे लिहिलं, "रिकामी". नकाशा गावात लागला, खाली ह्यांची सही. आणि भोजली तिथली पंच.
म्हटलं, त्या खदानीत पाणी आहे, रिकामी काहून लिहिली? म्हणाले, "वरून काढलेला फोटो होता. हिरवं दिसलं. मले वाटलं झुडपं आहेत."
जलकुंभी होती ती, जलपर्णी. खाली बारा महिने पाणी. गावच्या बाया राखीनंतर भोजली, म्हणजे गव्हाची पिवळी रोपं, तिथेच पाण्यात शिरवतात, मीही किती वेळा गेले. घरात विचारलं असतं तर.
भात जास्त शिजला.

४ मे, रविवार
डबा घेऊन एकटीच गेले. सांजोऱ्या नव्या केल्या, जुन्या संपल्या होत्या.
अंगणातच होती. "सीताराम भोजली" हा आमचा नेहमीचा नमस्कार, तो म्हणाली नाही. "आवव, बइठव," पाहुण्याला म्हणतात तसं. चौथीत होतो, पुरानी बस्तीच्या तळ्यावर एकमेकींच्या कानाला भोजलीची पाती खोवली. गहू पेरून उगवलेली ती पिवळी पाती. तेव्हापासून ती मला भोजली, मी तिला भोजली. नाव घ्यायचं नसतं. घरचे लोक एकवेळ भांडतील, भोजलीशी भांडण नाही, अशी रीत. आज ती भांडली.
तिच्या बोलीत बोलली, मी माझ्या भाषेत लिहिते. शहराचे रस्ते गावच्या मुरमावर झाले. गाड्या भरून जातात, रिकाम्या येतात. आता आराखड्यात आहे की रिकाम्या कशाला आणायच्या, येताना कचरा भरून आणू. म्हणाली, "भांडं रिकामं परत करू नये, बरोबर आहे. पण त्यात उष्टं भरून कोणी परत करतं का, भोजली?"
शेवटी भोजली म्हणाली तरी. तेवढ्यावर पाणी प्यायले.
तिने डबा ठेवून घेतला. ह्यांना ती भांटो म्हणते, म्हणजे भाऊजी. निरोप दिला, भांटोंना सांग, एकदा खाली येऊन पाहा.

११ मे, रविवार
हे आले माझ्यासोबत. उन्हात टोपी विसरले, माझा पदर देऊ का विचारलं तर रागावले.
खदानीच्या काठावर भोजलीने बांबू घेतला आणि हिरव्यात खुपसला. बांबू गेला, गेला, तिचा हात भिजला तरी तळ लागेना. म्हशी पलीकडे बसल्या होत्या, नुसती डोकी वर. हे कितीतरी वेळ तिथेच उभे.
"भांटो, आता लिहा काय लिहायचं ते."
परतताना बसमध्ये ह्यांचं एकच वाक्य. "नकाशा बदलणं माझ्या हातात नाही, माझी चूक लिहून देणं आहे."
आजचा हिशोब: बसभाडं, नारळ. नारळ खदानीच्या देवीला.

१९ मे, सोमवार
ह्यांनी लिहून दिलं. साहेब म्हणाले, ही जागा नको तर दुसरी सांगा, कचरा कुठे तरी जाणारच. हेही खरं. आमच्याच गल्लीतून रोज गाडी भरून जाते.
संध्याकाळी भोजलीचा फोन. पंचांचं म्हणणं, कचरा नको, खातू, म्हणजे खत, चालेल. शहराने ओला कचरा वेगळा करून दिला तर गावच्या पडीत जमिनीवर खत करू, खदान सोडा. साहेबांना हे कागदावर चालतंय. पण गावच्या बायांना पटत नाही. शहरातले लोक वेगळं करतील हेच त्यांना खरं वाटत नाही. राखीनंतर सगळ्यांची मिळून बैठक आहे. तोवर बायांना पटलं नाही तर पंचायत हो म्हणणार नाही, आणि मग जुनाच नकाशा पुढे जाईल, खदान कचऱ्यात.
भोजली म्हणाली, तू आपल्या गल्लीचं खत करून दाखव.
म्हटलं, करते. फोन ठेवून गल्लीतली घरं बोटांवर मोजली.

२२ मे, गुरुवार
हनुमान मंदिरामागे खड्डा खणवला. गल्लीतली सहा घरं तयार झाली. पाच सरळ, सहावी दुबेईन. तिच्याकडे तिसऱ्यांदा गेले तर म्हणे, "दीदी, आप तो नगर निगम की सास हो गईं।" म्हटलं, सास असते तर बादली उघडून पाहिली असती. हसली, आणि उघडून दाखवली. सालं वेगळी होती. वर शाम्पूची पुडी.
लेक गौरी घरी आल्यावर माझ्या अंगाला वास येतो म्हणाली. पोट्टी कॉलेजात गेली तशी हिंदीतच नाक मुरडते.

१ जून, रविवार
अडलेली गोष्ट. निर्माल्य. मी ते कधी घरच्या कचऱ्यात जाऊ दिलं नाही, वेगळं पिशवीत ठेवून खारून नदीला देते. भोजली म्हणते, फुलं टाक, फुलांनी खत लवकर उतरतं. पण देवाच्या अंगावरचा हार आणि बटाट्याची सालं एका खड्ड्यात? दोन दिवस पिशवी खिळ्याला टांगून होती.
आज पूजेनंतर देवालाच विचारलं. काही बोलले नाहीत. म्हणजे नाही म्हणाले नाहीत.
जाऊन फुलं टाकली. आधी हात जोडले, मग टाकली, मग वर माती. माशा बसल्या नाहीत.
ह्यांना सांगितलं तर म्हणाले, नदीत तरी कुठे देवच पोहून राहिलेत, प्लास्टिकच आहे. असं बोलू नये, पण हसू आलं.

६ जुलै, रविवार. एकादशी
उपास. पाऊस चांगला चालू आहे, खड्ड्यावर टिन टाकलं. उकरून पाहिलं. खाली काळं, भुसभुशीत, हात घातला तर ऊन लागलं. ऊन म्हणजे अजून कच्चं. भोजलीने सांगितलं आहे, ऊन खतात बी जळतं.
दुबेईनने लोणच्याची बरणी खराब झाली म्हणून अख्खी ओतली. मीठ. तेल. बसून चमच्याने वेचलं, जेवढं निघालं तेवढं. ती तिच्या गच्चीवरून बघत होती, मग खाली आली आणि दुसरा चमचा घेऊन शेजारी बसली. तिला नागपूरच्या वडाभाताची कृती पाहिजे होती. दिली.
मन प्रसन्न आहे, काहून ते कळत नाही.

२० जुलै, रविवार
खताची दोन पोती गावाला गेली. मुरूम उतरवून गाडी रिकामी जाऊन राहिली होती, हे उभे राहून बोलले, ड्रायव्हर भैयाने घेतली. ह्यांना फार बरं वाटलं. म्हणाले, आराखड्यात जे लिहिलं तेच झालं की, भांड्यात काय घालायचं तेवढंच चुकलं होतं.
रात्री भोजलीचा फोन. बायांनी चाळणीतून चाळलं. एक शाम्पूची पुडी निघाली. कोणी तरी ती उचलून सगळ्यांना दाखवली. भोजली म्हणाली, मी म्हटलं एकच निघाली ना. मग म्हाताऱ्या सुइणीने खत मुठीत दाबलं, वास घेतला आणि म्हणाली, बोलून काय होतं, भोजली पेरून पाहू. उगवली तर खातू, नाही तर कचरा.
उगवेल की जळेल? माझी कोमट पोती, लोणच्याचं मीठ.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी
पाटावर नाग काढला, लाह्या-दूध दाखवलं, आज चिरणं-तळणं नाही.
भोजलीचा पुतण्या बाजारात आला होता, डबा देऊन गेला. रिकामा नव्हता. आत तिच्या शेतचे भिजवलेले गहू, वर हळदीचा तुकडा. निरोप: सीताराम भोजली. गावात आज पेरली, सगळ्या बायांनी तुझ्या खतात पेरली. तूही तेच खत घेऊन पेर. अंधारात ठेव, हळदीचं पाणी दे, मधेच उघडून पाहू नको.
निरोप दोनदा सांगायला लावला त्याला. "सीताराम भोजली" तेवढंच ऐकायचं होतं.
बांबूची टोपली होती, राहिलेलं खत भरलं, गहू पसरले, देवघराच्या कोपऱ्यात ठेवली. वर ओलं फडकं.

१ ऑगस्ट, शुक्रवार. जिवतीची पूजा
ऑफिसातून बैठकीचा कागद आला, राखीनंतरचा. त्यात दोन्ही जागा लिहिल्या आहेत, पडीत जमीन आणि खदान. खदानीपुढे ह्यांनी आता "पाणी" लिहिलं आहे, पण कंसात, "गावाच्या संमतीनुसार". म्हणजे बायांनी खताला हो म्हटलं तरच खदान सुटणार.
पुरणाचे दिवे केले, जिवतीला ओवाळलं. गौरीने आपणहून आरती म्हटली, मराठीत. चुकली, पण म्हटली.
दुबेईन दोनदा विचारून गेली, "निकला क्या?" तिच्या पुडीचं तिला लागलंय.
टोपलीजवळ बसले की मातीचा वास येतो. नुसत्या मातीचा. ऊन लागत नाही. फडक्याचा मधला भाग किंचित वर आल्यासारखा वाटतो, की मी ओलं करताना तसाच ठेवला होता, आठवत नाही.
हे पाणी द्यायला आले आणि फडक्याला हात घातला. "जरासं वरून पाहू का?"
म्हटलं, राहू द्या. वरून पाहूनच मागे रिकामं लिहिलं होतं.
हात काढला. दोघं तिथेच बसून आहोत.